गोलकीपरचं पूर्ण नाव

भिकू ओव्हाळच्या हाती माईक देऊ नये, असं त्याच्या बायकोचं जुनं मत होतं आणि ते काही अगदीच वावगं नव्हतं. तसा माणूस गरीब. उभी हयात अलिबाग-मुरुड रस्त्यावर मैलकुली म्हणून काढली. खड्डे बुजवले, पावसाळ्यात दरडी उपसल्या, साहेबाची गाडी आली की कडेला सरून उभा राहिला. कुणाला कधी उलटून बोलला नाही. पण माईकवर बोटानं टकटक करून 'हॅलो, हॅलो, चेक' म्हटलं की तोच भिकू वेगळा माणूस व्हायचा. मग त्याला थांबवायला जनरेटरच बंद करावा लागे. दांडवाडीच्या जयंतीत, लग्नात, सामन्यात आवाज एकच, भिकूचा, आणि वाडीलाही त्याची सवय झाली होती.

एप्रिलमधल्या त्या रविवारी मात्र त्याच आवाजावर त्याच्या पोराची नोकरी टांगलेली होती.

पोरगा म्हणजे रत्नपाल. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. नोकरी कंत्राटी. दर वर्षी मे महिना आला की पुढच्या वर्षाचं बोलणं व्हायचं, तोवर जीव टांगणीला. अशी नऊ वर्षं गेली होती आणि यंदा त्याला कायम करायचं की सोडून द्यायचं, याचा निकाल महिन्याभरात लागणार होता. कंपनीचा नियम कडक होता. आमच्या खेळाडूनं बाहेरच्या कुठल्याही स्पर्धेत उतरायचं नाही. मागे पनवेलकडचा एक फॉरवर्ड गावच्या सामन्यात खेळला, त्याचा व्हिडिओ कुणीतरी ऑफिसात दाखवला, आणि दुसऱ्या सकाळी गेटवर त्याचा पास चालेना.

हे सगळं माहीत असून रत्नपाल त्या दिवशी काशीदच्या अलीकडच्या वाळूवर, गावच्या चषकात, गोलमध्ये उभा राहणार होता. नाव मात्र चुलतभावाचं, स्वप्निलचं. स्वप्निल हा वाडीचा नेहमीचा कीपर, पण दोनच दिवसांपूर्वी होडी ओढताना त्याचं बोट चेंगरलं होतं. स्पर्धेचा नियम एवढाच की खेळाडू गावचा हवा, तेव्हा त्यात लबाडी काही नव्हती. नाव बदललं ते फक्त मुंबईपासून लपवायला. रत्नपालनं त्यासाठी वर्षानुवर्षांची दाढीसुद्धा काढून टाकली. वाडीतल्या पोराटोरांना हे ठाऊक होतं आणि वाडी ते पोटात ठेवणार होती. सामना यूट्यूबवर लाईव्ह जायचा होता, पण लांबून घेतलेल्या चित्रात चेहरा कुणाला ओळखू येतो? धोका होता तो आवाजाचा.

सकाळी भिकू इस्त्रीचा शर्ट घालून निघाला तेव्हा तुळसा दारात आडवी उभी राहिली.

"अवो, आज तुमी मायकाला हात लावू नका."

"मी न्हाय बोललो तर लोक इचारतील, भिकू कुठं गेला म्हणून. उलट संशय यायचा."

यात तथ्य होतं. तुळसानं नवऱ्याला हाताला धरून भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर नेलं.

"मग हितं सांगा. कायबी झालं तरी रत्नपालचं नाव तोंडातनं काढनार न्हाय."

भिकूनं छातीवर हात ठेवला. "न्हाय काढनार."

"पोरगा कायम झाला की फुडल्या जयंतीला घ्या काय घ्यायचं ते नाव. दिवसभर घ्या. मी आडवणार न्हाय."

हे शेवटचं वाक्य तुळसा उगाच बोलली नव्हती. दांडवाडीत एक रीत आहे. कुणाला नोकरी लागली, कुणाची पोर परिचारिका झाली, कुणी बारावी पास झालं की जयंतीच्या मंचावरून त्याचं पूर्ण नाव घ्यायचं. त्याचं, बापाचं, आडनाव, आणि कुठं लागला तेही. ज्यांच्या आजे-पणजांना गावानं कधी धड नावानं हाक मारली नाही, त्या घरांना पूर्ण नावाची किंमत कळते. भिकू ती नावं अशी घ्यायचा की ज्याचं नाव त्याची आई डोळ्याला पदर लावायची. शेकडो लोकांची नावं त्यानं घेतली असतील. पण रत्नपालचं नाव त्याला नऊ वर्षं घेता आलं नव्हतं, कारण कंत्राटी नोकरी मंचावरून सांगत नाहीत. कायम झाल्यावर सांगतात.

हा फुटबॉल वाडीत आणला तो सदा ड्रायव्हरनं. सदा एसटीत होता. मुक्कामाच्या गाडीनं मुंबईला जायचा, रात्र डेपोत काढायचा, आणि सकाळी शेजारच्या मैदानावर पोरं खेळताना बघत बसायचा. एकदा येताना तो एक शिवण उसवलेला फुटबॉल ड्रायव्हरच्या सीटमागे टाकून घेऊन आला. वाडीला मैदान नव्हतं. मैदान समुद्राचं होतं, आणि समुद्र ते ओहोटीपुरतं उसनं द्यायचा. ओली वाळू घट्ट बसली की सदा बांबूचे खांब रोवायचा आणि पाणी परत आलं की उपटून खांद्यावर घेऊन घरी जायचा. रत्नपाल त्याच वाळूवर शिकला. सगळ्या पोरांना गोल मारायचा असायचा, याला अडवायचा असायचा. सदानं ते पहिल्या आठवड्यातच ओळखलं.

"बॉल बघू नको," सदा त्याला सांगायचा. "मारणाऱ्याचा उभा पाय बघ. मारायचा पाय नाटकं करतो. ज्या पायावर मानूस उभा ऱ्हातो, तो खोटं बोलत न्हाय."

रत्नपालला मुंबईला ट्रायलला नेलं तेही सदानंच, आपल्याच गाडीतून, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसवून. पहिला क्लब दुपारचं जेवण आणि येण्याजाण्याचं भाडं द्यायचा. पोरगा मामाच्या खोलीत दाराशी झोपायचा, पहाटे मैदान गाठायचा. पावसाळी लीगमध्ये, घोट्याइतक्या चिखलात, त्यानं नाव काढलं. मग कंपनीनं उचलला. सकाळी सराव, दुपारी गोदामात खोकी मोजायची, शनिवारी सामना. एका वर्षी अंतिम सामन्यात त्यानं दोन पेनल्ट्या अडवल्या आणि वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलं होतं, 'चेंडू अडवताना कंपनीचा गोलरक्षक'. भिकूनं तो फोटो वाडीभर फिरवला, पण घरी आल्यावर तुळसाला म्हणाला, नाव टाकलं असतं तर त्यांच्या शाईचं काय जाणार होतं.

त्यानंतर खांदा निखळला. तो बसेपर्यंत कंपनीनं गोव्याकडचा एक तरणा कीपर आणला, आणि खांदा बसला तोवर रत्नपाल बाकावर बसला होता. बाकावर बसलेल्याला कुणी नाव विचारत नाही. 'ए कीपर, पाणी दे', 'ए कीपर, जाळं बांध'. मागच्या पावसाळ्यात सदा गेला, त्या दिवशी कंपनीचा सामना होता. रत्नपालनं सुट्टी मागितली, मिळाली नाही. सदाला वाडीतली पोरं खांद्यावर नेत होती तेव्हा सदाचा लाडका चेला मुंबईत अंगात ट्रॅकसूट घालून, एक मिनिटही न खेळता, बाकावर बसून होता. ते त्याच्या मनाला फार लागलं. म्हणून सदाच्या नावानं पहिला चषक भरतोय आणि कीपर जखमी आहे हे कळल्यावर त्यानं बापाला फोन करून एवढंच सांगितलं होतं, मी येतोय.

तर असा तो रविवार. दुपारी ओहोटी पुरी होती. अंतिम सामना भर ओहोटीला सुरू करून भरतीआधी आटपायचा बेत होता. आटपलाही असता, पण मध्ये सत्कार आले. आपल्याकडे सत्काराशिवाय काही होत नाही. सरपंच, माजी सरपंच, चषक देणारे, मंडप देणारे, सदाची बायको आवडाबाई, सदाबरोबर गाडीवर असलेला कंडक्टर धर्माजी, असे एकेकाचे. त्यातून भिकूच्या मनात एक नाव कोंडलेलं. ते बाहेर काढता येत नव्हतं म्हणून बाकीची सगळी नावं तो आजोबा-पणजोबांसकट घेत होता. धर्माजीच्या शालीला तर त्यानं कंडक्टरच्या पहिल्या तिकिटापासून सुरुवात केली. समुद्र कुणाच्या सत्कारासाठी थांबत नसतो. अंतिम सामन्याची शिट्टी वाजली तेव्हा पाणी वळलं होतं.

समोर मुरुडचा संघ. चपळ, तरणी पोरं. पहिल्या मिनिटापासून दांडवाडीच्या गोलवर त्यांनी हल्ले चढवले. भिकू माईकवर होता आणि त्याची कसरत बघण्यासारखी होती.

"मुरुडच्या खेळाडूनं बॉल घेतला, आत शिरला, मारला... आणि अडवला! दांडवाडीच्या र... दांडवाडीच्या रखवालदारानं अडवला! स्वप्निल! स्वप्निलनं अडवला!"

वाडीच्या लोकांनी श्वास रोखला आणि सोडला. तुळसा बायकांत बसली होती, तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की भिकूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हे असं चार-पाच वेळा झालं. पोरगा अंग झोकून देत होता, वाळूत लोळत होता. नऊ वर्षांत बापानं त्याला असा खेळताना फक्त एकदा पाहिलं होतं, आणि आज बघत असून सांगता येत नव्हतं. भिकूला रडू येईल असं वाटायला लागलं.

आणि मग त्याला दोरीजवळ तो माणूस दिसला.

अर्धी चड्डी, पिवळी टोपी, हातात भाजलेलं कणीस. काशीदला सुट्टीला येणारे असे शेकड्यानं असतात. पण हा माणूस भिकूनं पाहिला होता. गेल्या वर्षी रत्नपालनं पास दिला म्हणून तो कंपनीचा सामना बघायला गेला होता. पोरगा बाकावरच बसून होता, पण शेवटी बक्षीस समारंभात हाच माणूस बोलला होता. माईक ओठाला चिकटवून. सगळं फरफर ऐकू येत होतं. चेहरे भिकू विसरेल, पण माईक असा धरणारा माणूस तो मरेपर्यंत विसरणार नाही. ओंकार सर. कंपनीच्या खेळ विभागाचे नवे साहेब. रत्नपालला कायम करायचं की सोडायचं, ते ठरवणारे.

साहेब गोलच्या खांबापासून हाकेच्या अंतरावर उभे राहून कणीस खात होते आणि नेमके कीपरकडेच बघत होते. पोराला सांगायचं कसं? मधे सामना चालू. शेवटी हाफ टाइमची शिट्टी होताच भिकूनं माईक उचलला.

"एक सूचना. एक सूचना. दांडवाडीचे गोलकीपर स्वप्निल यांच्याकडे मुंबईहून पाहुणे आलेले आहेत. पाहुणे दोरीजवळ उभे आहेत. पिवळी टोपी घातलेली आहे. कणीस खात आहेत. तरी स्वप्निल यांनी याची नोंद घ्यावी."

दोरीजवळच्या साऱ्या कणीस खाणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. ओंकार सरांनीही इकडंतिकडं बघितलं. रत्नपालनं मान वळवली, पाहिलं आणि पुन्हा फिरवली. मग तो खाली बसला, ओल्या वाळूचा एक गोळा घेऊन गालाला, कपाळाला फासला आणि स्वतःची टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली. उठून गेला मात्र नाही.

भिकू माईक टेबलावर टाकून गोलच्या मागे धावला.

"पोरा, ऐक माझं. पाय मुरगळला म्हन आनि बस खाली. दुसरा कोनीबी उभा ऱ्हाईल."

"न्हाय आबा."

"अरं, नऊ वर्सांची तुझी मेहनत. येका महिन्याचा सवाल हाय."

रत्नपाल समुद्राकडे बघत होता. पाण्याची पहिली लाट बाजूच्या रेषेवर येऊन गेली होती. "सदाकाका गेला त्या दिवशी मी बाकावर बसून व्हतो आबा," तो म्हणाला. "आज न्हाय बसनार. तुमी फकस्त माझं नाव घेऊ नका."

भिकू परत टेबलाशी आला. टेबल पाण्याच्या भीतीनं पोरांनी वर सरकवलं होतं.

हाफ टाइमनंतर मैदान दर पाच मिनिटांनी लहान होत गेलं. समुद्राच्या बाजूला बॉल गेला की खेळाडू गुडघाभर पाण्यातून तो काढून आणायचे. दोन्हीकडे एकेक गोल झाला. पंचांनी घड्याळ बघितलं, पाणी बघितलं आणि जादा वेळ रद्द करून सरळ पेनल्टी किक जाहीर केल्या. वरच्या बाजूचा कोरडा गोल त्यासाठी ठरला. साहेब त्याच बाजूला होते. कणीस संपलं होतं आणि दोरीवर ओणवून ते आता अगदी समोर उभे होते.

एकेक किक होत गेली. दांडवाडीची एक हुकली, मुरुडची एक रत्नपालनं पायानं उडवली. मग दांडवाडीनं आपली शेवटची मारली, आत गेली. मुरुडची शेवटची बाकी राहिली. अडवली तर चषक सदाच्या वाडीत, नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तेवढी वाळू आता उरली नव्हती.

मुरुडचा पोरगा उंच होता. चार पावलं मागे गेला. भिकू बोलायचं विसरला होता. पोराची मान खाली होती, आणि भिकूला माहीत होतं तो कुठं बघतोय. उभ्या पायाकडं. पोरगा धावला, डावा पाय वाळूत रुतला, आणि किक बसायच्या आधी रत्नपालनं उजवीकडं झेप घेतली. निखळलेल्या खांद्यावरच पडला तो. बॉल हाताला लागून खांबाबाहेर गेला.

"अडवला!" भिकू ओरडला. "अडवला! अडवला! माझ्या... दांडवाडीच्या... स्वप्निलनं अडवला!"

आवाज फाटला. वाडी पाण्यात नाचायला लागली. पोरांनी रत्नपालला खांद्यावर घेतला आणि शहाणी पोरं ती, गळा फोडून 'स्वप्निल, स्वप्निल' ओरडत होती. भिकू खुर्चीत बसला. सुटलो, असं त्याला वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी कायमचं हातचं गेल्यासारखंही वाटलं. पोराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण त्यानं स्वतःच्या तोंडानं पुतण्याच्या नावावर केला होता.

"काका, कॉमेंट्री एकदम जबरदस्त."

भिकूनं वर पाहिलं. पिवळी टोपी टेबलाशी उभी होती.

"तो गोलकीपर कोण हो?" ओंकार सरांनी विचारलं.

"स्वप्निल." भिकू म्हणाला. "आमच्याच वाडीचा."

"काय खेळतो! वय काय, पंचवीस असेल?"

"आसंल तेवढंच."

"माझं ऐका. मी मुंबईच्या एका कंपनीची टीम बघतो. मला असा कीपर हवाय. आमच्याकडे एक जादाचा आहे, ओव्हाळ म्हणून, तुमच्याच बाजूचा असेल. संपलेला माणूस. बाकावर बसून असतो. पुढच्या महिन्यात त्याला सोडतोय, ती जागा रिकामी होईल."

भिकूनं टेबलाची कड घट्ट धरली. "सोडताय? ठरलं का ते?"

"ठरलं म्हणजे काय, सही झाली. या पोराला ट्रायलला बोलावतो मी. जरा हाक मारा ना त्याला. माईकवरूनच बोलवा, या गोंधळात ऐकू नाही जाणार."

भिकूनं माईक हातात घेतला. अंगठा बटणावर होता. समोर पोरगा लोकांच्या खांद्यावर होता, वाळूनं माखलेला, आणि शेजारी त्याला संपलेला म्हणणारा माणूस उभा होता. साहेबाचे पाय धरावेत असं एकदा भिकूच्या मनात आलं. साहेब, तोच हा ओव्हाळ, मीच त्याचा बाप, बघा कसा खेळतो, ठेवून घ्या. आयुष्यभर साहेबाची गाडी आल्यावर कडेला सरलेल्या माणसाला ते सोपं होतं. मग त्याला वाटलं, एक वर्षभर ज्यांनी पोराला रोज बाकावर बघितला आणि ज्यांना तो समोर असून ओळखू येत नाही, त्यांच्या कानात काय सांगायचं? सकाळची शपथ त्याला आठवली. तुळसा बायकांतून उठून त्याच्याकडेच येत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि बटण दाबलं.

"हॅलो. लक्ष द्या. सर्वांनी लक्ष द्या. आत्ता ज्यांनी शेवटची पेनल्टी अडवली, ते दांडवाडीचे गोलकीपर, सदा ड्रायव्हरचे शिष्य, मैलकुली भिकू ओव्हाळ आणि तुळसा भिकू ओव्हाळ यांचे चिरंजीव, रत्नपाल भिकू ओव्हाळ. रत्नपाल भिकू ओव्हाळ यांनी माईकजवळ यावं. मुंबईचे साहेब त्यांना बघायला आलेले आहेत."

नाचणारे लोक जिथल्या तिथे थांबले. तुळसानं तोंडावर हात घेतला. रत्नपाल खांद्यावरून खाली उतरला, पाण्यातून चालत टेबलापाशी आला आणि टोपी काढून साहेबांसमोर उभा राहिला.

"नमस्ते सर."

ओंकार सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ओव्हाळ? अरे, तुझी दाढी..."

"काढली सर."

"तू असा खेळतोस?"

"बाकावरनं दिसत न्हाय सर," रत्नपाल म्हणाला. त्यात राग नव्हता.

साहेबांनी भिकूकडं बघितलं, माईककडं बघितलं. लाट टेबलाखाली आली आणि त्यांच्या महागड्या चपला भिजल्या. ते वर रस्त्याकडं निघून गेले.

जनरेटर उचलायची धावपळ सुरू झाली. भिकू पोराकडं बघायला धजत नव्हता. "मी घात केला पोरा," तो म्हणाला. "तुझ्या आयेला शबुद दिलेला."

रत्नपालनं बापाच्या हातातला माईक काढून घेतला, तारेची गुंडाळी केली आणि खांद्यावर टाकली. "आबा," तो म्हणाला, "मुंबईत समदे मला कीपर म्हनतात. आज लई दिवसांनी कानावर नाव आलं."

मे महिन्यात कंपनीनं त्याला सोडलं. वय झालं, असं कारण सांगितलं. वाळूवरच्या सामन्याचा उल्लेखही कुठे आला नाही. तो करायचा तर साहेबांना आधी हेही सांगावं लागलं असतं की आपलाच खेळाडू आपल्याला ओळखता आला नाही. रत्नपाल आता रेवदंड्याकडच्या एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो आणि ओहोटी असेल तेव्हा वाडीच्या वाळूवर बांबू रोवतो. ती नोकरीही कायम नाही.

तुळसा नवऱ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. सही झालेली होती, पोरगा जाणारच होता, हे भिकूनं परोपरीनं सांगितलं. बोलायला लागली तेव्हा ती म्हणाली, सही फिरवता येते, शपथ फिरवता येत न्हाय.

पण दुपारी घर सामसूम असलं की ती फोन घेऊन ओटीवर बसते. तो सामना अजून यूट्यूबवर आहे. स्वप्निल, स्वप्निल असं ओरडणारा सगळा खेळ ती बोटानं भराभर पुढं ढकलते. पेनल्टीसुद्धा बघत नाही. अगदी शेवटी येऊन थांबते, आवाज मोठा करते, फोन कानाला लावते आणि नवऱ्यानं घेतलेलं पोराचं पूर्ण नाव ऐकते. मग पुन्हा थोडं मागं नेते.